निळी भिंत

भिंतीस निळा रंग देणें म्हणजे कांहीं तरी नवें खूळ काढणें, असें आमच्या परिचयांतील पुष्कळांस वाटतें. ज्यांनीं चुन्याच्या भिंतींचीं घरें पाहिलीं आहेत, त्यांस तरी असें वाटूं नये. दिवाळीच्या आधीं चुना कालवितांना त्यांत नीळ टाकीत असत. ती चिमूटभर पडली तर पांढरा रंग अधिक पांढरा दिसे. हात सैल सुटला तर सारें माजघर आकाशी होई, आणि वडील मंडळी रंगाऱ्यावर डाफरत. गंमत अशी कीं, दुसऱ्या वर्षीं तोच चुकलेला रंग मुद्दाम मागितला जाई.

या निळीची कुळकथा मोठी आहे. झाडापासून होणारी नीळ निराळी. तिच्यापायीं १८५९ सालीं बंगालच्या रयतेनें बंड केलें, आणि तिच्याच पायीं १९१७ सालीं गांधीजी चंपारण्यांत गेले. चुन्यांत पडणारी ती ही नव्हे. हिचें मूळ बदक्शानच्या खाणींतील लाजवर्द नांवाच्या दगडांत आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील निळाई त्याच दगडाची. तो दगड इतका महाग कीं, १८२४ सालीं पॅरिसच्या एका संस्थेनें हा रंग कृत्रिम रीतीनें करून दाखविणारास सहा हजार फ्रँकांचें बक्षीस लावलें. १८२८ सालीं तें गिमे नांवाच्या गृहस्थास मिळालें. पुढें हा राजेरजवाड्यांचा रंग वाण्याच्या पुडींतून आमच्या आजोळच्या माजघरांत येऊन पोंचला. चुन्यांत तो टिकतो याचेंही कारण आहे. बर्लिनचा सुप्रसिद्ध 'प्रशियन निळा' चुन्याच्या क्षारांत पडला कीं विटून तपकिरी होतो. ही नीळ क्षारास दाद देत नाहीं, तिचें वैर अम्लाशीं. आमच्या आजीस यांतलें अक्षरही ठाऊक नव्हतें, पण तिच्या भिंती कधीं विटल्या नाहींत.

आतां चुना गेला, डिस्टेंपरही जवळजवळ गेलें, आणि डब्यांतील इमल्शन आलें. निवड सोपी झाली असें मात्र नाहीं. आम्हांस हवा होता मधला निळा: फिका आकाशी नव्हे, शाईसारखा गडदही नव्हे, तर पाऊस उघडतांना दोन ढगांच्या फटींत जो क्षणभर दिसतो तो. दुकानांतील रंगपट्टीवर असे तीसचाळीस तुकडे होते, आणि त्यांवर विश्वास ठेवणें म्हणजे छायाचित्र पाहून सोयरीक जुळविण्यासारखें होतें. बोटभर तुकड्यावर सौम्य दिसणारा रंग चारही भिंतींवर चढला कीं दांडगा होतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग फेकीत असतात. म्हणून मनांत भरलेल्या छटेहून एक पायरी फिकी घ्यावी, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर हातभर चौकोन रंगवून तो दिवसभर पाहावा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड मुळांतच निळसर; त्यांत हा रंग थंड पडतो. पिवळ्या दिव्याखालीं तो मळकट होतो. पण दिवेलागणीपूर्वींच्या संधिप्रकाशांत त्याची खरी मजा आहे. त्या वेळीं तांबडे रंग काळवंडतात आणि निळे उजळतात. पुर्किन्ये नांवाच्या बोहेमियन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हें नमूद करून ठेविलें आहे. त्या घटकेस दिवा लावण्याची घाई करूं नये, असें आमचें मत. शिवाय निळ्यापुढें सागवानी कपाट आणि पितळी समई जितकीं खुलतात तितकीं पांढऱ्यापुढें खुलत नाहींत. आमच्या चिरंजीवांनीं लोखंडी राखाडी मेज त्या खोलींत आणून ठेविलें होतें. तें दोन दिवसांत परत गेलें.

ही खोली आमच्या आईची. तिचें वय ब्याऐंशी. निळा रंगही तिनेंच मागितला होता, माहेरच्या माजघराची आठवण म्हणून. रंगाचे दोन हात झाले, भिंती सुकल्या, तिला आंत नेलें. तिनें भिंतीवरून हात फिरविला आणि म्हणाली, "बरा आहे. पण मी निळा सांगितला होता रे, हा राखाडी दिलात."

आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. खोली तर निळीशार होती.

मोतीबिंदूनें नुसतें अंधुक दिसतें असें नव्हे. डोळ्यांतील भिंग पिवळट होतें आणि निळा प्रकाश आंतच येऊं देत नाहीं. मोने ह्या फ्रेंच चित्रकाराची हीच अवस्था झाली होती, आणि १९२३ सालीं त्याच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आईस डॉक्टरांनीं दोन वर्षांपूर्वींच सुचविलें होतें. तिचें उत्तर ठरलेलें असे: "आतां या वयांत काय पाहायचें राहिलें आहे?" आम्हीं पुष्कळ समजाविलें, सूनबाईंनीं रुसून पाहिलें, व्यर्थ. पण भिंतीच्या बाबतींत सारें घर एक सांगतें आणि आपल्याला दुसरेंच दिसतें, हें तिच्या मनास लागलें. चार दिवस ती कांहीं बोलली नाहीं. पांचव्या दिवशीं तिनें आपण होऊन विचारलें, "त्या डॉक्टरांकडे कधीं जायचें?"

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. घरीं आल्यावर ती पलंगावर बसून सारी दुपार आळीपाळीनें एकेक डोळा मिटीत होती. "ह्या डोळ्यानें निळा. ह्या डोळ्यानें राख." नातवंडांना बोलावून तिनें तोच खेळ पुन्हा करून दाखविला. मग तिची दृष्टि आमच्याकडे वळली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "तूं केव्हां रे इतका पिकलास?" ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या डोळ्याचा दिवस तिनें स्वतःच, पौष टाळून, माघांतला धरला आहे. दरम्यान रंगाऱ्यास तिचा निरोप गेला आहे कीं, माहेरची भिंत याहून जराशी उजळ होती, आणि उरलेला डबा फेकूं नये.