ओटीपी आलाय का?

२००९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड-पेमेंटला जादा पडताळणी सक्तीची केली. ओटीपी नावाचा वॉचमन आपल्या दारात बसला तो तिथूनच. चोर अडवायला ठेवलेला, पण घरच्यांनाही नाव विचारतो!

आमच्याकडे गॅस, वीजबिल, आईचं बँक खातं, सगळीकडे बाबांचाच नंबर. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. सिम बंद पडू नये म्हणून आई न चुकता रिचार्ज मारते. परवा म्हटलं, नंबर बदलूनच टाकू. स्क्रीन म्हणाली, 'जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.' म्हणजे परवानगी बाबांचीच! आईच्या हातातला त्यांचा फोन वाजला. पण ती काही आकडे सांगेना.

'राहू दे गं,' म्हणाली, 'अधूनमधून ह्यांचा फोन वाजतो तरी.'