लोकरीची वही

दख्खनी मेंढीची लोकर टोचते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बंगळूरमध्ये राहून मी हातानं लोकर कातते असं कळलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी पांढरं, लुसलुशीत येतं आणि मी हातावर ठेवलेला काळाकरडा पुंजका घेताच त्यांची बोटं आखडतात. त्यांचा दोष नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक कातडीला जाणवतं. ज्या मेरिनोचे स्वेटर आपण दुकानात कुरवाळतो तिचा तंतू २४ मायक्रॉनच्या आत असतो. दख्खनीचा त्याच्या दुप्पट जाड, वर त्यात केसांचं प्रमाण मोठं. मेरिनो मेंढी वर्षाला ४-५ किलो लोकर देते, दख्खनी दोन कातरण्या मिळून अर्ध्या किलोच्या आसपास.

या परीक्षेत ती नापास होणारच. पण ही परीक्षा गळपट्ट्याची आहे. दख्खनी लोकर गळ्यात घालायला नव्हतीच कधी. ती खांद्यावर टाकायला, जमिनीवर अंथरायला, पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायला होती. गेलं वर्षभर मी मुख्यतः हीच लोकर धुतली, पिंजली, कातली आणि शेजारी एक वही ठेवली.

बंगळूरच्या हवेत लोकरीचं वर्ष धुण्यापासून सुरू होतं. संक्रांत उलटली की हवा कोरडी होते, रस्त्याकडेचे टॅबेबुया गुलाबी होतात आणि गच्चीवर पसरलेली ओली लोकर लवकर वाळते. अडचण असते ती पाण्याची. ज्यांच्याकडे कावेरीचं पाणी येतं त्यांचं बरं. आमच्यासारख्या बोअरवेलवाल्यांचं पाणी क्षारांचं. त्यात साबण घातला की फेसाऐवजी साका होतो आणि तो तंतूंवर बसतो. मग लोकर वाळूनही चिकट लागते. म्हणून रिठा. रिठ्याचं क्षारांशी वाकडं नाही. रात्री भिजवलेले रिठे उकळायचे, गाळायचे आणि त्या पाण्यात लोकर नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, पिळायची नाही, गरमातून एकदम गारात टाकायची नाही. तंतूवरचे खवले एकमेकांत अडकले की लोकरीचा नमदा होतो आणि झालेला नमदा पुन्हा मोकळा होत नाही.

एप्रिल-मे पिंजण्याचे. पिंजारी धनुकलीच्या तातीनं लोकर मोकळी करत. माझ्याकडे तारांच्या दातांच्या दोन हातफण्या आहेत. पण फण्यांआधी बोटांनी वेचणं आलंच. गोखरू, कुसळं, तुरीचं टरफल, बाभळीचा काटा. कळप कुठून कुठून फिरून आला ते या कचऱ्यावरून कळतं. सुगी संपली की शेतकरी धनगर-कुरुबांना बोलावून रानात मेंढरं बसवतात. रात्रभरात जमिनीला लेंडीखत मिळतं, मेंढरांना धसकटं आणि पाला, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. या सगळ्या व्यवहारात लोकर कुठेच नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. त्याकडे पुढे येतेच.

पाऊस लागला की कातायचं. कोरड्या हवेत लोकरीचे तंतू एकमेकांपासून पळतात. जूनमध्ये तेच शहाण्यासारखे एकत्र येतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. घोंगडी पावसात उबदार का राहते याचं अर्धं उत्तर यात आहे. साधन कुठलं वापरायचं हाही प्रश्न असतो. घरात आजोबांचा पेटी चरखा आहे. १९३० च्या सुमारास गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात या घडीच्या चरख्यावर काम केलं, म्हणून तो यरवडा चरखा. कापसाच्या आखूड तंतूला तो उत्तम: चाकाच्या एका फेऱ्यात चाती कितीतरी गरगरते. दख्खनीला मात्र एवढा पीळ चढला की धागा ताठर होऊन स्वतःभोवतीच आटे घेतो. पितळी टकळी तर तिच्यापुढे फारच नाजूक. म्हणून मी जड लाकडी भिंगरीची चाती वापरते. ती लोंबती सोडायची, खालचा हात फिरकी देतो, वरचा हात लोकर सोडतो, आणि किती सोडायची हे वरच्या हाताच्या अंगठ्याला ठरवू द्यायचं.

जुलैत फ्रान्समध्ये सायकलींची टूर द फ्रान्स चालू असते, तेव्हा जगभरचे हौशी कातणारे ‘टूर द फ्लीस’ पाळतात. सायकली धावतील त्या दिवशी आपणही चाक फिरवायचं. २००६ पासूनची ही रीत. मीही पाळते, मजा येते. मेंढरांमागे चालता चालता कातणाऱ्या धनगर-कुरुबांना या प्रथेचं अप्रूप वाटणार नाही. त्यांची टूर बारमाही.

आता वहीबद्दल. सुरुवातीला तिच्यात आकडेच होते. इंचाला किती पीळ, पट्टीवर इंचभरात किती वेढे बसले, लडीचं वजन किती. आकडे खोटे नसतात, पण पुढच्या लडीला मदतही फारशी करत नाहीत. हळूहळू आकड्यांशेजारी दोनतीन ओळी यायला लागल्या. ‘श्रावण. हवा ओली. काळी, थोडी जावळाची मिसळ. वरचा हात सैल सोडला तर गाठी आपोआप विरतात.’ किंवा ‘ही पाठीवरची लोकर. पोटाकडची वेगळी ठेवणे.’ एरवी मी लेख लिहिते तेव्हा वाक्यं सजवायला बसते. वहीतली वाक्यं सजत नाहीत, कारण ती मलाच पुढच्या पावसाळ्यात वापरायची असतात. जावळ म्हणजे कोकराची पहिल्या कातरणीची लोकर, सगळ्यांत मऊ; ती कुठे घातली आणि कुठे नाही, हे लिहून ठेवलं नाही तर वर्षानं कोण सांगणार?

वहीला खरं वळण लागलं ते चळ्ळकेऱ्यात. बंगळूरपासून साधारण २०० किलोमीटरवर, चित्रदुर्ग जिल्ह्यातलं हे गाव कुरुबांच्या कांबळ्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका विणकर घरातल्या अज्जीला मी माझी लडी दाखवली. तिनं धागा नखानं उलगडला, दोन हातांत ताणला, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि विचारलं, “उभ्याला की आडव्याला, तायी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी धागा ‘चांगला’ कातला होता, बस्. मागावर चांगला असा धागाच नसतो. उभ्या धाग्याला पीळ जास्त हवा, कारण तो ताणला जातो, फणीत घासला जातो. त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही पेज ब्रशानं ताण्यावर फिरवून उन्हात वाळवायची. आडवा धागा सैल, फुगीर हवा, म्हणजे कांबळं भरून येतं आणि ऊब धरतं. तिच्या एका प्रश्नात माझ्या वहीचे सगळे रकाने बदलले. लोकर कशी आहे हे नंतर. ती कशासाठी, हे आधी.

कातणाऱ्या बाईनं लिहावं याला याच मुलखात आठशेहून अधिक वर्षांचा आधार आहे. बाराव्या शतकातल्या शिवभक्त शरणांमध्ये कदिर रेम्मव्वे होती. सूत कातणं हाच तिचा कायक, म्हणजे पोटाचा आणि भक्तीचा एकच उद्योग. तिची मोजकीच वचनं उरली आहेत. एका वचनात ती आपल्या रहाटाची ओळख करून देते, त्याची खालची फळी कोण, उभे खांब कोण, आणि एकेका भागात एकेक देव बसवते. मला त्यातला देव जितका भावतो तितकाच रहाटही. जिला रहाटाचे भाग हातानं माहीत नाहीत, तिला ते वचन सुचलं नसतं. तिच्यानंतरच्या शतकांत ज्या हजारो बायकांनी कांबळ्यांसाठी धागा कातला त्यांचं लिखित काही नाही. कांबळं विणणाऱ्याचं म्हणून ओळखलं जातं, कातणारीचं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रातही तेच. मेंढरं धनगराची, माग सणगराचा, घोंगडी बाजाराची. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. अक्कोळमध्ये जन्मलेल्या आणि आदमापूरला विसावलेल्या संत बाळूमामांचे कळप आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना चरतात. मेंढराला कर्नाटक-महाराष्ट्र वाद ठाऊक नाही. चळ्ळकेऱ्याचं कांबळं आणि माणदेशी घोंगडी एकाच दख्खनी मेंढीच्या अंगावरून येतात. १९५५ साली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी आली तेव्हा या जगाला मराठीत घर मिळालं. आज त्या जगाची लोकर मात्र बेघर आहे.

कारणं गुंतागुंतीची नाहीत. लष्कराच्या कांबळ्यांसाठी ही जाडीभरडी लोकर एके काळी उचलली जायची. ती मागणी आटली. गिरण्यांना ऑस्ट्रेलियाची बारीक लोकर सोयीची. खुद्द बंगळूरमध्ये बिन्नीची लोकर-कापसाची गिरणी होती. आज बिन्नीपेटेत इमारती उभ्या आहेत. मेंढपाळाला पैसा मटणात मिळतो, म्हणून जतच्या माडग्याळसारख्या उंच, कमी लोकरीच्या मेंढ्यांशी संकर वाढला. कातरणी तरीही करावीच लागते, नाहीतर मेंढरांना उन्हाचा आणि गोचिडांचा त्रास. म्हणजे कातरणाऱ्याला पैसे द्यायचे आणि लोकर रानात टाकून द्यायची. जी वस्तू काढायला खर्च येतो आणि विकून दमडी मिळत नाही, तिची नोंद कुणी का ठेवावी? रानात कळप बसवण्याच्या हिशेबात लोकर नसते ती यामुळे.

डिसेंबरच्या थंडीत, बसवनगुडीतली शेंगदाण्यांची जत्रा, परिषे, उरकून गेल्यावर, मी जुनी वही बंद करून नवी आखली. कळप कुणाचा, कातरणी कुठल्या महिन्याची, उभ्याला की आडव्याला, असे रकाने आहेत. त्यांत यंदा एक रकाना दराचा वाढवला: मेंढपाळाला किलोमागे काय दिलं. आम्ही हौशी कातणारे भेटलो की कुणाचा धागा किती बारीक निघाला ते एकमेकांना दाखवतो, आणि त्यात गैर काही नाही. पण लोकरीचे किती मोजले हेही त्याच पानावर लिहून दाखवायला लागलो, तर दर ठरेल. आणि दर ठरला, तर पुढच्या कातरणीला मेंढपाळ लोकर बांधावर टाकण्याआधी आपल्याला फोन करील.