वाईन शॉपमध्ये वाईन मिळेल का?

आमच्या भालकीत, आणि खरं तर बीदर-कलबुर्गी पट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, 'वाईन्स' अशी पाटी दिसली की आत व्हिस्की, रम, ब्रँडी, बियर सगळं मिळतं. वाईन तेवढी मिळत नाही. लहानपणापासून ही पाटी वाचत आलो, पण यातला विनोद डोक्यात शिरायला मला तिशी ओलांडावी लागली.

कुटुंबाच्या अंकात हा विषय कसा, असं काहींना वाटेल. संपादकांना आधी विचारून घेतलं आहे.

झालं असं, की २०१९ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या माइन्झला होतो. तिथले माझे वरिष्ठ, आता निवृत्त झालेत, दर रविवारी घरी जेवायला बोलवायचे. आजूबाजूला सगळ्या द्राक्षाच्या बागा. जेवताना रीसलिंग नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन असायची, एक-दीड ग्लास, बस्स. तीच बाटली सुपरमार्केटात पाच युरोला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने चारशे रुपयांना मिळायची. आपल्याकडे लोणच्याची बरणी आणावी तशी लोक ती पिशवीत टाकायचे. मी लेबलं भिजवून सोडवायचो आणि वहीत चिकटवायचो. ती सवय अजून आहे.

हेच गृहस्थ पत्नीसह २०२४ च्या डिसेंबरात भारतात आले आणि म्हणाले, तुझं बीदर दाखव. दोन दिवस बीदरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भालकीला आमच्या घरी जेवण, असं ठरलं. सहा महिने ज्यांच्या टेबलावर जेवलो, त्यांच्यासमोर एक बरी युरोपियन बाटली ठेवावी एवढीच माझी इच्छा. घरी अर्थातच नाही. बीदरच्या हॉटेलात, संध्याकाळी. आमच्या घरात हा शब्दसुद्धा चालत नाही. माझा धाकटा काका दारूत गेला. दोन एकर शेत आधी गेलं, मग २००९ मध्ये काका गेला. तेव्हापासून आईने लग्नकार्यातसुद्धा कुणाच्या तोंडाचा वास आला तर पंगतीतून उठवलेलं आहे.

पाहुणे यायच्या चार दिवस आधी बंगळुरूहून आलो आणि शोध सुरू केला. बीदरच्या पहिल्या दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा आमच्या खास दखनीत म्हणाला, "वाइन? पोर्ट होना क्या साब?" पोर्ट म्हणजे इथे गोड, लाल, स्वस्त, बाळंतिणीला चालते अशी समजूत असलेली. युरोपची म्हटल्यावर त्याने ऑस्ट्रेलियाची एक बाटली काढली. तीच त्याच्या लेखी युरोप.

त्यात त्याचा दोष नाही. परदेशी वाईन इथवर पोचतच का नाही याचा मी इंजिनीअरच्या सवयीने तक्ता मांडला, तेव्हा उलगडा झाला. समजा बंदरात उतरताना बाटलीची किंमत, भाडं-विमा धरून, ३०० रुपये आहे. त्यावर केंद्राचा आयात कर आणि अधिभार मिळून १५० टक्के. म्हणजे बंदराबाहेर पडतानाच ती ७५० ची झाली. मग राज्याचा अबकारी कर. कर्नाटकात घाऊक व्यवहार २००३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी बेव्हरेजेस महामंडळातून होतो, त्याचा हिस्सा. मग दुकानदाराचा. शिवाय प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलाची नोंदणी आयातदाराला वेगळी करावी लागते, फी भरून, तीही दरवर्षी. वर्षाला बारा बाटल्या खपतील अशा गावासाठी कोण हा खटाटोप करणार? म्हणून आयातदार मोजकी लेबलं आणतात आणि ती बंगळुरूत संपतात. ऑस्ट्रेलियाशी २०२२ च्या अखेरीस करार लागू झाला, त्यात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीचा कर १५० वरून १०० टक्क्यांवर आला आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पोराच्या हातात ऑस्ट्रेलिया आली ती काही उगीच नाही. पाहुणे आले त्या डिसेंबरात युरोपच्या बाटलीला अशी सवलत नव्हती.

गंमत म्हणजे ही तक्रार बीदरला नवी नाही. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास, महमूद गवान वजीर असताना, चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला आला होता. विकायला घोडा आणला होता, तो जुन्नरच्या अधिकाऱ्याने काढून घेतला आणि मग परत दिला. त्याच्या प्रवासवर्णनात रडगाणं आहे ते हेच, की मिरी आणि रंग इथे स्वस्त, पण आमच्या देशाला नेण्याजोगा माल नाही आणि जकात मात्र फार.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गी गाठलं. माझं बीई तिथल्या पीडीए कॉलेजचं, त्यामुळे गल्ल्या पाठ. हुमनाबादवरून जाताना माणिकनगर लागलं. लहानपणी आईबरोबर माणिकप्रभूंच्या दर्शनाला आणि पुढे गाणगापूरला याच रस्त्याने एसटीतून जायचो. तोच रस्ता, आणि आज मी कशासाठी निघालोय! गाडीतूनच हात जोडले. पुढे कमलापूरला रस्त्याकडेला लाल केळी घेतली. पाहुण्यांना बाटली नाही मिळाली तर निदान केळी तरी.

कलबुर्गीत सुपरमार्केट भागापासून सुरुवात करून पाच दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानात मालक स्वतः बसले होते, साठीचे, कपाळाला विभूती. त्यांनी वरच्या फळीवरून स्पेनच्या रिओखा प्रांतातली एक लाल बाटली काढली आणि धूळ पुसली. लेबलवर 'क्रियान्सा' लिहिलेलं, म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक वर्ष लाकडी पिंपात. छातीत धडधडलं. पण हातात घेतल्यावर बुचावरच्या पन्नीला बोट चिकटलं. पन्नीखालून वाईन झिरपून वाळली होती आणि बूच अर्धा रेघभर वर आलं होतं. कलबुर्गीचा उन्हाळा बेचाळीस अंशांवर जातो. ही बाटली तिथे ट्यूबलाइटशेजारी किमान दोन उन्हाळे उभी होती. आतली वाईन उकडलेली असणार. मी तसं सांगितलं तर मालक रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही पहिलेच आहात हो अण्णा, जे बाटली घ्यायच्या आधी तिची नाडी बघताय." आणि बाटली परत वर ठेवली नाही, काउंटरखाली ठेवली.

आपल्याकडे परदेशी वाईन घेताना किमतीआधी हीच नाडी बघावी, असं माझं मत. बूच वर आलंय का, पन्नी चिकट आहे का. शक्यतो फिरकीच्या झाकणाची घ्या, आपल्या हवेत ते झाकण बुचापेक्षा कितीतरी भरवशाचं. साधी पांढरी असेल तर दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी नको. 'जुनी तेवढी चांगली' हे फार थोड्या वाईनना लागू पडतं. मग बाटली उलटी फिरवा. आयातदाराचं नाव, पत्ता, किंमत तिथे असतं. बंगळुरूत बाटल्यांची पाठ वाचता वाचता ब्रिंडको, अ‍ॅस्प्री, सुला सिलेक्शन्स ही नावं माझ्या ओळखीची झाली. एखादी आवडली तर लेबलाबरोबर आयातदारही लक्षात ठेवायचा, त्याने आणलेलं दुसरंही पटण्याचा संभव असतो.

आणि नावाजलेल्या गावाचे पैसे देऊ नका. बोर्दोच्या नावावर मिळणारी सगळ्यात स्वस्त बाटली बहुधा निराश करते. त्याच पैशात फ्रान्सचीच ऱ्होन नदीकाठची, दक्षिण इटलीची किंवा पोर्तुगालची पुष्कळ बरी मिळते. हजाराच्या आत मात्र मी परदेशी घेतच नाही. कर, काच आणि भाडं वजा केलं तर तिच्यात वाईनचे पैसे उरतात किती? त्यापेक्षा अकलूजची घ्यावी. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या बागांमध्ये इटलीचं सांजोवेझे द्राक्ष लावलंय, आणि 'फ्रातेल्ली' या नावाचा इटालियन अर्थच मुळी 'भाऊ-भाऊ'. कलबुर्गीहून ते इटलीपेक्षा नक्कीच जवळ.

पाचव्या दुकानात मिळाली. इटलीच्या अब्रुत्सो प्रांताची 'मोन्तेपुल्चानो', फिरकीचं झाकण, दोन वर्षांपूर्वीची, आणि ठेवलेली फ्रीजच्या मागे अंधाऱ्या कोपऱ्यात. इथे नावाचा एक गोंधळ आहे. मोन्तेपुल्चानो नावाचं गाव तोस्कानात आहे आणि तिथली वाईन महाग. पण ती होते सांजोवेझेची. अब्रुत्सोतलं मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव. ती साधी, रोजच्या जेवणाची वाईन, म्हणून परवडते. किंमत १,८५० रुपये. परवडते म्हटलं खरं, पण पैसे देताना हात अडखळला.

पाहुण्यांना बीदर फार आवडलं. गवानच्या मदरशाच्या निळ्या फरशांसमोर बाई अर्धा तास उभ्या होत्या. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बाटली उघडली. मला त्या रात्री गाडी चालवायची नव्हती, तिथेच खोली घेतली होती. वाईन चांगली निघाली, काळ्या जांभळासारखी, किंचित तुरट. शेंगाच्या चटणीबरोबर तर छानच लागली. किंमत सांगितली तेव्हा त्यांनी आधी ती युरोत करून बघितली, मग पुन्हा एकदा करून बघितली. "घरी आमच्याकडे पाच-सहा," एवढंच म्हणाले आणि ग्लास जरा जपून धरला.

दुसऱ्या दिवशी भालकीला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, शेवटी हुग्गी. पाहुण्यांनी ताक तीन वेळा मागून घेतलं. सगळं छान चाललं होतं, आणि मग आई केळी आणायला गाडीपाशी गेली. लेबल सोडवायचं म्हणून रिकामी बाटली मी केळ्यांच्या पिशवीतच ठेवली होती.

पाहुणे गेल्यावर तिने ती माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. मी काही बोललो नाही.

"काय लिवलंय हिच्यावर?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. पुढच्या बाजूचं, मग पाठीमागचं. कुठलं द्राक्ष, कुठल्या वर्षीचं, साडेसातशे मिली, समुद्राकाठच्या ओर्तोना गावात भरली, कोणी आणली, मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.

"गावाचं नाव बी लिवतेत?"

"हो."

ती थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिली. काका प्यायचा ते पाकीट असायचं, प्लॅस्टिकचं, अरकाचं. २००७ च्या जुलैत कर्नाटकात अरकावर बंदी आली. तोवर ती फाटकी पाकिटं आमच्या गोठ्यामागे पडलेली असायची आणि सकाळी आई ती झाडून काढायची.

"किती पडले?"

मी खरी किंमत सांगितली. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"वाचून झालं का?" ती म्हणाली. "मग आता बाहेर ठिव. अन् ते लेबल काय काढायचं ते अंगणात काढ, माझ्या भांड्यात भिजवू नको."