बाल्टिमोरचा डिव्हाइन

बालगंधर्वांचे नाव काढले की आपल्याकडची वडीलधारी मंडळी हळवी होतात. त्यांची नेसण्या-मिरवण्याची ढब घरंदाज स्त्रिया उचलीत, असे कौतुकाने सांगतात. रंगभूमीवरच्या पुरुषाच्या लुगड्याला आपण असा मान दिला. पण तीच नाजूक चाल वर्गातल्या एखाद्या मुलाची असली, की 'बायल्या' हा शब्द तयारच असतो. आणि आपल्या सीमाभागात चिडवायला दोन-दोन भाषा हाताशी!

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९४५ साली जन्मलेला हॅरिस ग्लेन मिलस्टेड असाच. लठ्ठ, लाजरा, हळुवार. शाळेत टवाळी आणि मार ठरलेला. पुढे तो केशरचना शिकून बायकांचे केस सजवू लागला. जॉन वॉटर्स हा त्याचा मित्र हौसेने चित्रपट काढीत असे. त्याने याचे नाव ठेवले 'डिव्हाइन', म्हणजे दैवी.

१९७२ च्या 'पिंक फ्लेमिंगोज'मध्ये तो अवतरला तो भुवया पार कपाळावर चढवून, घट्ट झग्यात आणि तोंडी अर्वाच्य भाषा घेऊन. बालगंधर्वांनी सौंदर्याचा आदर्श उभा केला. याने सौंदर्याची कल्पनाच उलथून टाकली. ज्या देहाला मुले हसत, तोच त्याने मिरवला. कधी हसायचे, हे आता तो ठरवीत होता. मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी लोटू लागली.

आईवडिलांशी तुटलेले नाते बऱ्याच वर्षांनी जुळले. १९८८ च्या 'हेअरस्प्रे'त त्याने लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी साधी आई रंगवली. नट म्हणून वाहवा झाली आणि काही दिवसांतच, ७ मार्च रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी तो झोपेतच गेला. १९८९ च्या 'द लिटल मर्मेड'मधली चेटकीण अर्सुला त्याच्यावरूनच बेतली. हे दोन्ही चित्रपट २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदीत दाखल झाले.

छळातूनच हिरा घडला, असे म्हणण्याचा अशा वेळी मोह होतो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून मला ते पटत नाही. असा एखादाच तरतो. बाकीची मुले हजेरीपटावरून गुपचूप नाहीशी होतात. पालक येऊन म्हणतात, "सर, याला जरा पुरुषासारखं वागायला शिकवा." मी विचारतो, "आणि मारणाऱ्यांना काय शिकवू?"

मुलगा पुढे कोण होईल, हे आपल्याला ठाऊक नसते. तो शाळेतून धडपणे घरी पोचावा, एवढे मात्र आपल्या हाती असते.