कांद्यातले फुलकिडे आणि छापखान्यातलं भिंग



आज कांदा लागणीपासून ६२ दिवसांचा झाला. सकाळी दव होतं, म्हणून नऊनंतर रानात उतरलो. आडवंतिडवं फिरून वीस झाडं घेतली, पात फाकवून पोंग्यात भिंग लावलं आणि फुलकिडे मोजले. सरासरी बारा-तेरा निघाले. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस झाडाला सरासरी तीस किडे झाले की फवारा अशी आहे. म्हणून पंप खोलीतच ठेवला. बांधावरनं जाणाऱ्या एकानं विचारलंच, "औषध नाय मारलं अजून?" म्हटलं, नाही.

फोटोतलं भिंग कुठं मिळतं असं बरेच जण विचारतात. दहा पट मोठं दाखवणारं, घडी होणारं, कडा झिजलेलं. ते शेतीसाठी घेतलेलं नाही. पुण्यात छापखान्यात चार रंगांचे ठिपके एकमेकांवर नीट बसलेत का, हे बघायला मी ते वापरायचो. काल रात्री एक फोन आला, त्यामुळं आज त्याबद्दल लिहितो. जरा लांबेल.

मी १९९६ साली हेल्पर म्हणून लागलो. पुरंदरहून दिवे घाट उतरून रोज जाणं-येणं. आधी कागद लावायला, मग एकरंगी मशीनवर, शेवटी चाररंगी ऑफसेटवर ऑपरेटर. चोवीस वर्षं. छापखान्यालाही आपल्यासारखेच हंगाम असतात. उन्हाळ्यात शाळेची पुस्तकं आणि लग्नपत्रिका, पावसाळ्यात दिवाळी अंकांची गडबड, दसरा-दिवाळीपासून कॅलेंडरं आणि डायऱ्या. मध्येच निवडणूक आली तर अवकाळी पाऊस आल्यासारखं काम.

हे हंगाम एकेक करून पातळ झाले. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. २०१७ ला जीएसटी आला, व्यापाऱ्यांची बिलं कॉम्प्युटरवर निघायला लागली, बिलबुकं कमी झाली. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, शाळा बंद, पुस्तकं बंद. त्याच वर्षी २ सप्टेंबरला केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं कॅलेंडर, डायऱ्या, शुभेच्छापत्रं छापू नका असा आदेश सरकारी खात्यांना काढला. आमचं मशीन तोवर उचललं गेलं होतं. जूनमध्येच मालकानं बोलावून सांगितलं, मशीन विकतोय. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. ग्रॅच्युइटी मात्र सहा महिन्यांनी आणि तीन हप्त्यांत मिळाली. ज्यांची पोरं शहरात नोकरीला आहेत त्यांनी एवढं माहीत करून घ्या: १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाच वर्षं काम केलं की वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबानं ती मिळायची, आणि तीस दिवसांत मिळायला हवी होती. मला हे एका बाइंडरनं सांगितलं. नाहीतर मी मागितलीच नसती.

घरी मी सांगितलं नाही. लॉकडाऊनचा आडोसा होता, सगळेच घरी बसलेले. "चालू झालं की बोलावतील," असं म्हणायचो. एसटी सुरू झाल्यावर डबा घेऊन निघायला लागलो. अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंत एकेक छापखाना पालथा घातला. एके ठिकाणी वय विचारलं. सेहेचाळीस म्हटल्यावर त्यानं डिजिटल मशीनपुढं बसलेल्या पोराकडं नुसतं बघितलं. मग नदीकाठाला बसून डबा खायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. असं महिनाभर चाललं.

एका रात्री जेवताना आबा म्हणाले, "तुझी नखं पांढरी झाली की रे."

चोवीस वर्षं माझ्या नखांच्या कडेला काळी शाई असायची, रॉकेलनं धुतली तरी जायची नाही. आबांना कधीचंच कळलं होतं. घरच्यांनाही. मीच एकटा नाटक करत होतो.

त्या रात्री मला आमच्या छापखान्यातला जुना कंपोझिटर आठवला. शिशाचे खिळे जुळवणारा माणूस. उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो त्याच्या दुप्पट वेगानं वाचायचा. कॉम्प्युटरवर जुळणी आली आणि त्याचं काम संपलं. तो शेवटच्या दिवशी खिळ्यांच्या खणांवरनं फडकं मारत होता, आणि मी बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, मित्राला म्हणालो होतो, "यानं वेळेत शिकून घ्यायला पाहिजे होतं." त्यानं ऐकलं असेल. त्याचं घर कुठं होतं हेही मला माहीत नाही, नाहीतर जाऊन आलो असतो.

लोक म्हणायचे, "तुला काय, जमीन आहे." बोलायला सोपं. अडीच एकर, एक विहीर. प्रेसमध्ये महिन्याला बावीस हजार ठरल्या तारखेला हातात यायचे, रानाला तारीख माहीत नसते. आणि मला शेती येत नव्हती. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो म्हणून ती येते असं नाही. सुट्टीला येऊन पाणी धरणं वेगळं.

पहिल्या रब्बीला शेजाऱ्याचं बघून एक एकर कांदा केला. फुलकिडे आले, पात पांढरी पडली. दुकानदारानं दिलं ते मारलं. आठ दिवसांनी परत तेच, डोस वाढवून. मग तिसऱ्यांदा. किडे तसेच. शेजाऱ्याच्या निम्मं उत्पादन निघालं आणि औषधाचं बिल त्याच्या दुप्पट. आमच्या घरातलीच्या शिलाई मशीनवर त्या वर्षी घर चाललं, हे इथं लिहून ठेवतो.

पुढच्या हंगामात अवजारं शोधताना प्रेसची पिशवी सापडली. पाने, भिंग आणि पीएच बघायच्या पट्ट्यांची डबी. ऑफसेट चालतं ते तेल आणि पाणी मिसळत नाही यावर. प्लेटवर चित्र असेल तिथं शाई धरते, कोऱ्या जागी पाणी. त्या पाण्याचा पीएच साडेचार ते साडेपाचमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर कोऱ्या जागेवर शाई चढून कागद मळतो. रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी मी पट्टी बुडवायचो. आणि इथं वर्षभर विहिरीचं पाणी पंपात ओतत होतो, एकदाही न बघता! पट्टी बुडवली. रंग सातच्या पुढं गेला, त्यापुढचा आकडाच त्या डबीवर नव्हता. तालुक्याला तपासून आणलं, ८.३ निघाला. प्रोफेनोफॉससारखी औषधं अशा अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. मी टाकी भरून जेवायला जायचो, दुपारी फवारायचो.

आता टाकीत सायट्रिक अ‍ॅसिड थोडं थोडं घालून, दर वेळी मोजून, सहाच्या आसपास आणतो, औषध शेवटी घालतो आणि लगेच फवारतो. बोर्डो मिश्रणाला मात्र हे करू नका. आम्लात तांबं मोकळं होऊन पानं करपतात. स्टिकरचंही तसंच. प्रेसच्या पाण्यात अल्कोहोल घालायचो ते पाणी प्लेटवर एकसारखं पसरावं म्हणून. कांद्याची पात मेणचट, थेंब ओघळून जातो, तिथं स्टिकर तेच काम करतो.

नुसत्या पीएचनं किडे गेले असं समजू नका. एकच औषध पुन्हा पुन्हा मारणं थांबवलं, रानाच्या कडेनं लागणीच्या महिनाभर आधी मक्याच्या दोन ओळी लावल्या, आणि मोजल्याशिवाय पंप उचलायचा नाही हे ठरवलं. प्रेसमध्ये पन्नास-शंभर कागद वाया घालवून जुळणी बघायचो, मगच हजारांचा जॉब सोडायचो. इथं आधी दोन वाफ्यांवर मारतो, तीन दिवसांनी भिंग घेऊन जातो. तिसऱ्या वर्षी खर्च वजा जाऊन पहिल्यांदा हातात काही राहिलं. प्रेसच्या पगाराइतकं अजून नाही.

कालचा फोन माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराचा होता. पोरगा म्हणजे आता अडतीस वर्षांचा, भाड्याच्या खोलीत, दोन लेकरं. त्याच्याकडची एक पाळी बंद झालीय, त्याला महिनाअखेरपर्यंत सांगितलंय. "काका, तुमच्यासारखं शेतीत येऊ का?" गावाकडं त्याच्या वाट्याला पाऊण एकर कोरडवाहू.

मी म्हटलं, येऊ नको. वाचायचा कागद कमी झाला, पण खोकी, लेबलं, औषधांचे कार्टन यांची छपाई चालू आहे. तिथं रंगाची नजर लागते आणि ती तुझ्याकडं आहे. वर्षभर परत हेल्पर व्हावं लागेल. मला २०२० मध्ये अशा एका ठिकाणी विचारलं होतं. पंचवीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली उभं राहायची लाज वाटली, म्हणून मी गेलो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, काल त्याला सांगितलं.

मग विचारलं, "घरी बोललास?"

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "नाही काका. रोज डबा घेऊन निघतोय."

रविवारी त्याला बायको-पोरांसकट जेवायला बोलावलंय. त्याआधी तिला सांगून ये, एवढीच अट घातलीय. आज संध्याकाळी परत फोन करणार आहे.

कांद्याची पुढची मोजणी रविवारी. सकाळचं दव वाढलंय, पातीवर जांभळट डाग दिसतात का बघत राहा, करपा दबा धरून आहे.