बोटीच्या मागच्या सीटवरून

मासा म्हटलं की आपल्याला आठवतं ताट. तळलेली सुरमई, तिखट कालवण, वर सोलकढी. पण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, गंटर्सविल गावी मासा म्हणजे मॅच! आणि गंमत म्हणजे या मॅचमध्ये पकडलेला मासा खायचा नाही. वजन करून जिवंत सोडून द्यायचा.

हा सगळा फंडा रे स्कॉट नावाच्या एका इन्शुरन्स विकणाऱ्या माणसाचा. १९६७ मध्ये त्याने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर १०६ जण जमवले आणि ‘बास’ माशांची टुर्नामेंट घेतली. १९७२ पासून त्याने मासे जिवंत सोडायची मोहीमच काढली. आज या खेळात फुलटाइम करिअर करणारे लोक आहेत. त्यातली सगळ्यात मानाची स्पर्धा, बासमास्टर क्लासिक, १९७६, २०१४ आणि २०२० मध्ये गंटर्सविलच्या तलावावर झाली.

तलाव सॉलिड आहे. टेनेसी नदीवरचं धरण १९३९ मध्ये पूर्ण झालं, त्यामागे साठलेलं हे पाणी म्हणजे अलाबामातला सगळ्यात मोठा तलाव. हंट्सविलहून गाडीने तासाभराच्या आत पोहोचता. पाण्याखाली गवताची रानं आणि त्यात दबा धरून बसलेला मोठ्या तोंडाचा, हिरवट बास.

आता मेन प्रश्न. स्पर्धेची बोट हजारो डॉलर्सची, मग नवख्याने करायचं काय? मागे बसायचं! अनेक क्लबांच्या स्पर्धांत चिठ्ठ्या टाकून बोटवाला आणि बिनबोटवाला अशी जोडी लावतात. पुढे उभा राहून तो बोट चालवणार, कुठे जायचं तोच ठरवणार. त्याने गळ टाकून झालेल्या पाण्यात आपण गळ टाकायचा. थोडक्यात, नवीन जॉबमधला ट्रेनी.

माझ्या वाट्याला आले साठीचे एक काका. पहाटे अंधारात बोटींचे लाल-हिरवे दिवे रांगेत लागले, नंबर पुकारला आणि आम्ही सुटलो. जिवंत आमिष चालत नाही, सगळं नकली. मोजायचे फक्त पाच मासे, तेही १५ इंचांच्या वरचे. साडेदहापर्यंत काकांचे चार, माझा भोपळा. एन्ट्री फी तर कधीच भरलेली.

“मी वेगात ओढतोय,” काका मागे न बघता म्हणाले. “तू सावकाश ओढ. मी सोडलेला मासा तुझा.”

मी रबरी गांडूळ लावलं आणि तळाशी हळूहळू ओढत राहिले. पहिला मासा पट्टीवर पाव इंच कमी भरला. परत पाण्यात! मग मात्र एक पास झाला. काकांना अजून पाचवा मासा हवा होता, तरी शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी बोट आडवी केली. का? तर मलाही कोरं पाणी मिळावं म्हणून. दोघांचे निकाल वेगळे लागतात, हे खरं. पण ती तीस मिनिटं त्यांचीच होती. त्यात मला दुसरा मिळाला, त्यांना पाचवा नाहीच.

डेडलाइन इथेही कडक. बऱ्याच स्पर्धांत उशिराच्या दर मिनिटाला पौंडभर वजन कापतात. मासा मेला तर त्याचाही दंड. म्हणून बोटीतल्या लाइव्हवेलमध्ये, म्हणजे हवा खेळवलेल्या टाकीत, ते जपून आणायचे. माझे दोन मिळून साडेचार पौंड. बक्षीस नाही, नंबर खालून मोजावा असा. दोन्ही मासे तरतरीत पोहत गेले.

तुम्हाला ट्राय करायचंय? राज्याचं फिशिंग लायसन्स काढा, बाहेरच्यांना थोड्या दिवसांचंही मिळतं. मोठं इंजिन चालू असताना लाइफ जॅकेट अंगावर हवंच. मागे जागा कमी, दोन-तीन गळ पुरे. आणि हो, पेट्रोलचे पैसे बोटवाल्याने मागायची वाट बघू नका. सकाळी निघतानाच हातात ठेवा.