उणे तीनशे

बोर्ड सुरू केला की बरोबर पाच मिनिटांनी तापमानाचं रीडिंग थांबायचं. दर वेळी नाही. आठातल्या दोन-तीन बोर्डांवर, आणि पुन्हा सुरू केले की भलत्याच दोन-तीन बोर्डांवर. माझ्या लॅपटॉपवर मात्र खोटा सेन्सर जोडून तोच ड्रायव्हर रात्रभर चालला. मग मी सगळ्यांना मेल टाकला: प्रॉब्लेम हार्डवेअरमध्ये आहे.

आमच्याकडे हार्डवेअर दादा बघतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याने चार दिवस पॉवर सप्लाय तपासला, कपॅसिटर बदलले, सेन्सरच्या वायरी पुन्हा सोल्डर केल्या. मला एकदाही उलट विचारलं नाही.

पाचव्या दिवशी मी वेगळंच काहीतरी शोधत लिनक्स कर्नलची 'जिफीज.एच' ही फाइल उघडली. जिफीज म्हणजे कर्नल आपली टिकटिक मोजतो तो आकडा. सेकंदाला किती टिकटिक हे 'एचझेड' हा स्थिरांक ठरवतो; आमच्या बोर्डावर १००. ३२ बिटच्या प्रोसेसरवर हा आकडा ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो. सेकंदाला १०० च्या हिशेबाने त्याला ४९७ दिवस लागतात. म्हणजे इथली चूक सव्वा वर्ष उलटून गेल्यावर कळणार. तोवर बोर्ड कुठल्यातरी कारखान्यात आणि कोड लिहिणारा दुसऱ्या कंपनीत.

म्हणून कर्नलवाल्यांनी मोजणी शून्यापासून सुरूच केलेली नाही. 'इनिशियल जिफीज' नावाच्या स्थिरांकाची किंमत आहे उणे तीनशे गुणिले एचझेड. चिन्ह नसलेल्या आकड्यात उणे म्हणजे अगदी वरचं टोक. तिथून तीनशे सेकंदांनी शून्य. मुद्दाम! अशा चुका लवकर दिसाव्यात म्हणून, असं कॉमेंटमध्ये लिहिलेलंही आहे. ६४ बिटच्या मशीनवर सुरुवात तिथूनच होते, पण वर अजून भरपूर जागा असल्यामुळे आकडा शून्यावर येत नाही. माझा लॅपटॉप ६४ बिटचा.

मी लिहिलं होतं: आत्ताचे जिफीज ठरलेल्या वेळेपेक्षा मोठे झाले की रीडिंग घे. आता ठरलेली वेळ शून्याच्या जरा अलीकडची निघाली आणि माझी तपासणी शून्याच्या जरा पलीकडे झाली, तर? दहा हा आकडा चारशे कोटींच्या वर जाण्याची वाट बघत ड्रायव्हर बसून राहणार. २३:५८ च्या लोकलनंतर ००:०४ ची येते, हे स्टेशनवर कुणालाही कळतं.

त्याच फाइलीत 'टाइम आफ्टर' नावाचा मॅक्रो आहे. तो दोन वेळांची वजाबाकी करतो आणि उत्तराचं फक्त चिन्ह बघतो. मध्ये शून्य येऊन गेलं तरी फरक बरोबरच निघतो. हा मॅक्रो मी आधी पाहिला होता. 'पेक्षा मोठे'च्या चिन्हाला कशाला एवढं नाव, म्हणून सोडून दिला होता. (ओव्हरफ्लोच्या प्रश्नाला कॉलेजात पूर्ण मार्क मिळाले होते, हे आपलं सांगून ठेवतो.)

दुरुस्ती एका ओळीची. त्याच मेलला रिप्लाय ऑल करून 'चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये होती' हे लिहायला त्याहून जास्त वेळ लागला. मग दादाच्या टेबलापाशी गेलो.

"पाच मिनिटंच का पण?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे माझे जुने कपॅसिटर बरोबर होते."

"हो."

त्याने आठही बोर्ड एकदम सुरू केले, मोबाइलवर टायमर लावला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, सहा झाली. आठही रीडिंग चालू. दादाने सगळे बोर्ड बंद केले आणि पुन्हा सुरू केले.

"अजून एकदा," तो म्हणाला.